दिवसभराच्या सफरीत डॉल्फिन आणि देवमासे का दिसत नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमची 33 फुटी क्रूझिंग यॉट, म्हणजे सफरींसाठीची शिडाची बोट आहे. घरातली तीन मोठी माणसं आणि 9 वर्षांची मुलगी. या हंगामात किनाऱ्यालगत दिवसभराच्या तीन सफरी केल्यात, प्रत्येक साधारण 35 सागरी मैलांची. दोनदा पक्ष्यांपलीकडे काही दिसलं नाही. तिसऱ्यांदा डॉल्फिन दिसले, तुम्ही इंजिन चालू करून त्यांच्या दिशेने वळलात आणि दोन मिनिटांत ते गेले. मुलगी हिरमुसली. आता तुम्ही विचारता आहात की जागा कोणती, वेळ कोणती, किती जवळ जावं आणि दुर्बीण कोणती घ्यावी.

मी 18 वर्षं अशाच दिवसभराच्या सफरी नेते आहे. तुमचं वर्णन वाचून सगळ्यात आधी माझ्या डोळ्यांत भरला तो 35 हा आकडा. तुमच्या बोटीचा सरासरी वेग 5 नॉट, म्हणजे तासाला 5 सागरी मैल धरला तर हे सात तास झाले, तेही वारा सोयीचा असेल तर. वारा समोरून आला की नागमोडी जावं लागतं आणि तेच अंतर दीडपट होतं. म्हणजे दिवसभर तुमच्यातली दोन माणसं शिडं आणि घड्याळ सांभाळत होती, तिसरं माणूस खाण्यापिण्याचं बघत होतं आणि मुलगी कंटाळली होती. पाण्याकडे सलग दहा मिनिटं कोणी बघितलं असेल असं मला वाटत नाही. त्या दोन सफरींतही तुमच्या आसपास प्राणी असण्याची दाट शक्यता आहे. ते शोधायचे कुठे, हा प्रश्न नंतरचा. आधी बोटीवर बघायला मोकळं माणूस हवं आणि प्राणी दिसल्यावर बोट शांतपणे चालत राहायला हवी.

काही गोष्टी तुमच्या हातात नाहीत, त्या आधीच सांगून टाकते. ऋतू हा त्यातला सगळ्यात मोठा. हवाईच्या आसपास हंपबॅक देवमासे हिवाळ्यात येतात आणि त्यांच्यातले बरेचसे उन्हाळ्यात अलास्काकडे चरायला जातात. जुलैत हवाईत कितीही नीट बोट चालवली तरी ते भेटणार नाहीत. किनाऱ्याची ठेवणही तितकीच महत्त्वाची. न्यूझीलंडच्या काइकौराला खोल सागरी दरी अगदी किनाऱ्याजवळ येते, म्हणून एरवी खोल समुद्रात राहणारे स्पर्म देवमासे तिथे दिवसाच्या सफरीतही दिसतात. उथळ, रुंद, वाळूच्या तळाच्या किनाऱ्यावर ती अपेक्षा ठेवू नये. तिथे सील, पॉर्पॉइज (डॉल्फिनचे छोटे, बुजरे भाऊबंद), समुद्री पक्षी हेच तुमचे सोबती आणि ते काही कमी नाहीत. तुमचा किनारा कसा आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून पुढचं सगळं स्वतःच्या किनाऱ्याला लावून बघा.

आता वेळ. बघण्यासाठी चांगलं पाणी आणि शिडाने जाण्यासाठी चांगला वारा यांचं जमत नाही, ही यातली खरी अडचण. ब्यूफोर्ट मापनात 3 क्रमांकाच्या वाऱ्याला, म्हणजे 7 ते 10 नॉटला, लाटांवर पांढरे फेसाचे तुरे दिसायला लागतात. 4 ला, म्हणजे 11 ते 16 नॉटला, ते सगळीकडे असतात. तुमच्या बोटीला मजा येते ती 4 मध्येच. पण पॉर्पॉइजचा पाठीवरचा पर हाताच्या पंजापेक्षा थोडा मोठा, त्रिकोणी. तो पाण्यावर सेकंदभर येतो आणि जातो. फेसाच्या हजार तुऱ्यांत तो कोणाला दिसणार? माझा अनुभव असा की सपाट पाण्यात डॉल्फिनचा पर अर्ध्या मैलावरूनही नुसत्या डोळ्यांना कळतो, आणि फेसाळलेल्या पाण्यात तोच दोनशे मीटरवरून निसटतो. कॉकपिटमध्ये उभं राहिलं की डोळे पाण्यापासून अडीच मीटरवर येतात आणि क्षितिज सव्वातीन मैलांवर असतं. पण ते सव्वातीन मैल कामाचे कधी, तर पाणी शांत असेल तेव्हाच.

या अडचणीतून बहुतेक किनाऱ्यांवर एक वाट निघते. स्वच्छ उन्हाच्या दिवशी सकाळी वारा मंद असतो. जमीन तापली की दुपारच्या सुमारास समुद्रावरून वारा सुटतो, दुपारनंतर त्याला जोर येतो आणि सूर्यास्ताकडे तो पडतो. म्हणून मी सकाळ बघण्यासाठी ठेवते आणि दुपार शिडांसाठी. पहाटे निघायचं, मंद वाऱ्यात 2-3 नॉटने रांगत ठरलेल्या जागी पोहोचायचं, तिथे तासदीड तास थांबायचं आणि वारा भरला की शिडं ताणून घरी यायचं. एकूण अंतर 15 ते 18 मैल ठेवा. तुमच्या 35 मैलांच्या निम्मंच आहे हे, आणि उरलेला वेळ तुम्हाला बघायला मिळतो.

ठरलेली जागा म्हणजे कोणती? जिथे पाण्याला अडथळा होतो ती. भूशिराचं टोक, दोन बेटांमधली खिंड, तळ एकदम उंचावतो ती जागा. भरती-ओहोटीचा प्रवाह अशा ठिकाणी वळतो, खालचं पाणी वर ढकललं जातं, छोटे मासे एका पट्ट्यात अडकतात आणि त्यांच्यामागे बाकीचे येतात. पाण्यावर हा पट्टा डोळ्यांना दिसतो: एका बाजूला बारीक खळबळ, दुसऱ्या बाजूला तेलासारखं गुळगुळीत पाणी आणि मधे फेस, शेवाळ, काटक्या यांची लांबच लांब रेघ. त्या रेघेच्या कडेकडेने हळू जा. भरती-ओहोटी जवळजवळ नसलेल्या समुद्रात, भूमध्य समुद्रासारख्या, हाच विचार खोलीच्या रेषा बघून करायचा. नकाशावर जिथे त्या रेषा दाटतात तिथे.

पण इथे एक इशारा देणं भाग आहे. प्राणी ज्या खळबळीमुळे येतात, तीच खळबळ वारा प्रवाहाच्या उलटा असेल तर छोट्या बोटीला धोक्याची होते. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, प्रवाह सगळ्यात जोरदार असतो. त्यात समोरून 15 नॉटचा वारा आला की उभ्या, तुटक लाटा उठतात आणि मुलं घाबरतात. म्हणून पहिल्या काही सफरी भांगाच्या दिवसांत करा, अष्टमीच्या आगेमागे. प्रवाहाचा तक्ता बघून तो ओसरत असताना तिथे पोहोचा आणि खळबळीच्या बाहेरच राहा. प्रवाह कधी थांबतो आणि भरती कधी संपते, या दोन वेळा एकच असतात असं नाही. पाण्याची उंची आणि पाण्याचं वाहणं वेगवेगळ्या तक्त्यांत बघायचं असतं. त्या भागातल्या मच्छीमारांना विचाराल तर कोणत्या पाण्याला कुठे मासा लागतो हे ते एका वाक्यात सांगतील, आणि मासा तिथे सगळं.

बघायचं कसं, याची एक साधी रीत आहे. नाळेकडे म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे बारा वाजले असं धरा. एकाने नऊ ते बारा बघायचं, दुसऱ्याने बारा ते तीन. नुसत्या डोळ्यांनी, क्षितिजापासून जवळपर्यंत आणि पुन्हा परत, सावकाश. वीस मिनिटांनी माणसं बदलायची, कारण त्यानंतर डोळे उघडे असतात पण बघत नाहीत. ऊन पाठीशी येईल अशी बाजू अनुभवी डोळ्यांनी घ्यावी असं वाटतं, पण मी उलट करते: चमचमणारी कठीण बाजू अनुभवी माणसाला आणि सोपी बाजू मुलांना. ध्रुवीकरणाचा चष्मा मात्र सगळ्यांना हवा. दुर्बीण 7 गुणिले 50 ची घ्या, म्हणजे 7 पट मोठं दाखवणारी, 50 मिलिमीटर भिंगाची. त्याहून मोठं केलेलं चित्र हलत्या बोटीवर नुसतं नाचतं. आणि दुर्बिणीने शोधू नका; डोळ्यांनी आधी सापडू द्या, मग दुर्बीण उचला.

पक्षी हे तुमचे सगळ्यात भरवशाचे वाटाडे. पाण्यावर निवांत बसलेले कुरव काही सांगत नाहीत. पण सुरय एकाच जागी घिरट्या घालून टपाटप सूर मारत असतील तर खाली माशांचा थवा आहे. गॅनेट हा जवळजवळ दोन मीटर पंखांचा पांढरा पक्षी. तो कधीकधी 30 मीटर उंचीवरून पंख मागे दुमडून बाणासारखा पाण्यात शिरतो. असे पाचदहा गॅनेट एका जागी कोसळताना दिसले की मी सगळं सोडून तिकडचं पाणी बघते. अनेकदा आधी पक्षी दिसतात आणि दहा मिनिटांनी त्यांच्याखालचे पर.

आता तुमच्या तिसऱ्या सफरीकडे येते, कारण खरं शिकण्यासारखं तिथे आहे. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त. तुम्ही इंजिन चालू केलंत, ते डॉल्फिनना त्याच क्षणी कळलं. नुसत्या इंजिनाने ते बहुतेकदा जात नाहीत. मोटरबोटींपुढेही ते खुशाल पोहतात. पण वेग अचानक वाढला, नाळ त्यांच्यावर रोखली गेली आणि त्यांच्या मागोमाग वळणं सुरू झाली, म्हणजे तुमच्याकडून त्यांना पाठलाग दिसला. खात असलेला किंवा पिलं सोबत असलेला कळप अशा वेळी खोल जातो आणि भलतीकडे वर येतो.

डॉल्फिन दिसले की मी काहीच बदलत नाही, आणि हे काहीच न बदलणं बोटीवरच्या माणसांना सगळ्यात जड जातं. तोच मार्ग, तोच वेग, तीच शिडं. यायचं असेल तर ते स्वतः येतात. चालत्या बोटीच्या नाळेपुढे पाणी ढकललं जातं आणि त्या दाबावर त्यांना फारशी शेपटी न हलवता तरंगत जाता येतं. तुमची बोट 5-6 नॉटला असेल तर त्यांना त्यात थोडीफार गोडी असते. 3 नॉटच्या खाली ते एक फेरी मारून निघून जातात, असं मी पुष्कळदा पाहिलं आहे. नाळेवर पालथं पडून खाली बघा. एखादा डॉल्फिन पोहता पोहता कुशीवर वळतो आणि एका डोळ्याने वर बघतो. तो डोळा तुमच्या चेहऱ्यावर थांबतो, पुढे जातो, परत येतो. श्वास सोडतो तेव्हा कोमट तुषार हातावर पडतात आणि त्यांना माशांच्या तेलाचा वास असतो. या दोन मिनिटांसाठी माणसं वर्षानुवर्षं माझ्याकडे परत येतात.

याच दोन मिनिटांत अपघातही होतात, म्हणून माझी एक चूक सांगते. वारा मागून होता, 14 नॉट, बोटीवर पाच माणसं. पर मागच्या डाव्या बाजूला दिसले. मी सुकाणूवर होते आणि बघता बघता, मलाही न कळता, बोट वाऱ्यापासून आणखी आणखी वळवत गेले. मेनसेलने, म्हणजे मुख्य शिडाने, एकदम बाजू बदलली आणि त्याच्या खालचा आडवा दांडा, म्हणजे बूम, कॅमेरा उचलायला वाकलेल्या माणसाच्या डोक्यावरून वीतभर अंतराने गेला. तो वाकला नसता तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही करते. तेव्हापासून माझ्या बोटीवर प्राणी दिसला की पहिलं वाक्य असतं, ‘सुकाणू कोणाकडे?’ आणि ज्याच्याकडे आहे त्याने मोठ्याने उत्तर द्यायचं. त्या माणसाने प्राणी बघायचे नाहीत. पाच मिनिटांनी त्याची पाळी बदलते. वारा मागून असेल तर बूमला आधीच दोर बांधून ठेवते, किंवा मेनसेल उतरवून नुसत्या जिबवर, म्हणजे पुढच्या शिडावर, चालते. मुलीला लाइफ जॅकेट, त्यावर सुरक्षा दोर, आणि नाळेवर ती मोठ्या माणसासोबतच. हे बंदरातच ठरवा, कारण पर दिसल्यावर कोणी ऐकत नाही.

आणखी एक युक्ती तुमच्या बोटीवर नक्की करून बघा: हीव्ह टू. जिबचा दोर न सोडता बोट वाऱ्यातून वळवायची, म्हणजे जिब उलट्या बाजूला भरतं. मग टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला ढकलून बांधायचा. चाक असेल तर ते वाऱ्याच्या बाजूला फिरवायचं. जिब नाळ एकीकडे ढकलतं, मेनसेल आणि सुकाणू दुसरीकडे, आणि बोट जवळजवळ थांबते. 1-2 नॉटने अलगद वाहत राहते. अरुंद कीलच्या (बोटीच्या तळाखालच्या वजनदार पात्याच्या) नव्या बोटी यात थोड्या चुळबुळ करतात, म्हणून मेनसेल किती सोडायचं ते दोनतीनदा करून शोधावं लागतं. आणि वाहायला वाऱ्याखालच्या बाजूला भरपूर मोकळं पाणी हवं. पण एकदा बोट बसली की पाण्याची सळसळ थांबते आणि कान उघडतात. माझ्या आठवणीतले कितीतरी पॉर्पॉइज मी आधी ऐकलेले आहेत: एक तुटक ‘फुस्स’, शिंकेसारखा. मग त्या दिशेला बघावं तर दीड मीटरचं एक तपकिरी-काळं अंग पाण्यात गोल फिरल्यासारखं बुडतं आणि त्याच्या कुशीला चिकटून एक अगदी लहान पर. पॉर्पॉइज सहसा नाळेपुढे खेळायला येत नाहीत. ते बघायचे तर असं थांबूनच.

मोठा देवमासा असेल तर नियम कडक होतात, आणि ते देशागणिक वेगळे आहेत. ऑस्ट्रेलियात देवमाशापासून 100 मीटर आणि डॉल्फिनपासून 50 मीटर ही बोटींसाठीची सर्वसाधारण हद्द आहे. अमेरिकेत राइट व्हेलपासून 500 यार्ड. स्वतःच्या पाण्यातला आकडा निघण्यापूर्वी बघा. त्यामागचं तत्त्व सगळीकडे सारखं आहे: मागून जाऊ नका, समोरून आडवे येऊ नका, बाजूने समांतर आणि हळू चाला, आई-पिलाच्या मधे कधीच शिरू नका. देवमासा बुडाला की तो शेवटचा दिसला त्या जागेवर जाऊ नका. हंपबॅक पाच-दहा मिनिटांत वर येतो, पण कुठे, ते त्यालाच ठाऊक. शिडाची बोट शांत असते, ही आपल्याला चांगली वाटणारी गोष्ट इथे उलटू शकते, कारण झोपलेल्या देवमाशाला आपण आल्याचं कळत नाही आणि शिडाच्या बोटींच्या अशा टकरी झालेल्या आहेत. मोठे देवमासे जवळपास आहेत हे कळलं की मी शिडं सैल करून वेग उतरवते आणि इंजिन न्यूट्रलमध्ये नुसतं चालू ठेवते. खोली मोजणाऱ्या यंत्राचा 50 किलोहर्ट्झचा आवाज डॉल्फिनना ऐकू येतो, म्हणून खोल पाण्यात मी ते बंद करते. किनाऱ्यालगत मात्र करत नाही, तिथे बोट खडकावर न जाणं आधी.

जिब्राल्टरची सामुद्रधुनी आणि पोर्तुगाल-स्पेनचा अटलांटिक किनारा यांची गोष्ट निराळी. 2020 पासून तिथे ओर्का (किलर व्हेल) शिडाच्या बोटींच्या सुकाणूंना धडका देत आहेत. त्या पाण्यात जाणाऱ्याने निघायच्या दिवशीच्या ताज्या सूचना वाचल्याशिवाय दोर सोडू नये.

सील खडकावर पहुडलेले दिसतील. एकाने मान वर केली तर तुम्ही त्याच्या लक्षात आलात. तीनचार माना वर झाल्या तर तुम्ही जास्त जवळ आहात, मागे व्हा. सगळे घाबरून एकदम पाण्यात धावले तर पिलं चिरडतात, आणि हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

म्हणजे पुढच्या सफरीचा आराखडा मी असा करेन: भांगाचा दिवस, पहाटे निघणं, 8 मैलांवरचं एक भूशिर, प्रवाह ओसरताना तिथे हीव्ह टू करून तासभर, दुपारच्या वाऱ्यावर परत. उलटीचा त्रास असणाऱ्यांनी औषध निघण्याआधी घ्यायचं, लाटा सुरू झाल्यावर नाही.

आणि मुलीला एक वही द्या. वेळ, जीपीएसवरची जागा, किती प्राणी, कुठल्या दिशेला चालले होते, सोबत कोणते पक्षी होते; आणि काही न दिसलेल्या तासांचीही नोंद. परांचे फोटो बाजूने काढायला सांगा. डॉल्फिनच्या पराच्या मागच्या कडेवरच्या खाचा आणि हंपबॅकच्या शेपटीखालची काळी-पांढरी नक्षी प्रत्येक प्राण्याची वेगळी असते. त्यावरून संशोधक एकेक प्राणी वर्षानुवर्षं ओळखतात आणि असे फोटो ते आनंदाने घेतात. माझ्या बोटीवर आलेल्या एका दहा वर्षांच्या मुलाने टिपलेली, वरचं टोक तुटलेल्या पराची मादी मला तीन हंगामांनी त्याच भूशिराजवळ पुन्हा दिसली, सोबत पिलू घेऊन. त्या दोघांचा फोटो मी त्या मुलाला पाठवला.

तुमचा किनारा कोणत्या दिशेला उघडा आहे आणि भरती-ओहोटीत पाणी किती मीटर चढतं-उतरतं, एवढं कळवलंत तर निघायची वेळ काढायला मी मदत करेन.